सही की मतपेटी? कॅलिफोर्नियाचे शेतमालक युनियनच्या कायद्यावर का उखडलेत

२०२४ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या वास्को गावाजवळच्या एका द्राक्षरोपवाटिकेत वाद पेटला. युनायटेड फार्म वर्कर्स, म्हणजे यूएफडब्ल्यू या शेतमजुरांच्या युनियनने सरकारी मंडळापुढे सह्यांचा गठ्ठा ठेवला. इथल्या निम्म्याहून जास्त मजुरांना आम्ही हवे आहोत, असा तिचा दावा होता. मंडळाने आठवड्याभरात युनियनला मान्यता दिली. मतदान झालंच नाही.

मग कंपनीने जवळपास दीडशे मजुरांची निवेदनं पुढे आणली. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला ही सही ६०० डॉलरच्या सरकारी मदतीसाठी आहे असं वाटलं होतं. मजुरांना फसवल्याचा आरोप युनियनने साफ फेटाळला. मंडळाच्या सरकारी वकिलांनी तर उलट कंपनीवरच आरोप ठेवला, की तिनेच मजुरांच्या बैठका घेऊन त्यांना सह्या मागे घ्यायला लावलं. प्रकरण कोर्टात गेलं, जुलैमध्ये केर्न काउंटीच्या न्यायाधीशांनी मंडळाची कारवाई थोपवली, आणि पुढे सगळं वरच्या कोर्टात पोचलं.

ही कंपनी म्हणजे वंडरफुल. पिस्ते, मँडरिन संत्री, डाळिंबाचा रस आणि फिजी बेटांवरचं बाटलीबंद पाणी विकणारी. एवढी बलाढ्य कंपनी कागदाच्या तुकड्यांवरून कोर्टात का जाते, आणि तिच्यामागे राज्यातल्या बहुतेक शेतमालक संघटना का उभ्या राहतात? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

## 'मान्यता' म्हणजे नेमकं काय

युनियन काढायला कोणाची परवानगी लागत नाही. पण मालकाने त्या युनियनशी पगार, कामाचे तास, सुट्टी यांवर बोलणी केलीच पाहिजेत, अशी सक्ती व्हायची असेल तर कायद्याने तिला 'मान्यता' मिळावी लागते. त्यासाठी बहुसंख्य कामगारांचा पाठिंबा सिद्ध करायचा. भांडण एवढ्याच मुद्द्यावर आहे: तो सिद्ध कसा करायचा?

एक मार्ग गुप्त मतदानाचा. दुसरा मार्ग असा, की कामगारांनी सही केलेली पाठिंब्याची कार्डं युनियनने गोळा करायची, मंडळाने ती हजेरीपटाशी ताडून बघायची, आणि निम्म्यापेक्षा जास्त भरली की मान्यता. याला तिकडे 'कार्ड चेक' म्हणतात.

एखाद्या सोसायटीचा विचार करा. कमिटी बदलायची आहे. कोणीतरी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरतो. शेजारी दारात उभा आहे, त्याच्या तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून तुम्ही सही करून मोकळे होता. हा सह्यांमधला दोष, आणि तो खरा आहे. आता दुसरं चित्र. मतदान गुप्तच आहे, पण ते बिल्डरच्या ऑफिसात आहे. तुमच्या घराची चावी अजून त्याच्याकडे आहे, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्याने प्रत्येकाला बोलावून चहा पाजलाय. चिठ्ठी कोणी बघत नाही, हे मान्य. तरी तुमचा हात मोकळा असेल का? शेतमालक पहिल्या चित्रावर बोट ठेवतात, युनियन दुसऱ्या. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, म्हणून तर वाद मिटत नाही.

## शेतमजुरांना वेगळा कायदा कशाला

अमेरिकेत कामगारांना युनियनचा हक्क देणारा मुख्य कायदा १९३५ चा. सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांच्या नावाने तो ओळखला जातो. कारखाने आणि दुकानांना तो लागू झाला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत ही दोन्ही कामं मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय लोक करायचे, आणि तिथल्या खासदारांची मतं मिळवल्याशिवाय कायदे पुढे सरकत नव्हते. बरेच इतिहासकार वगळण्याचं कारण यात बघतात. ही तरतूद आजही तशीच आहे. म्हणून शेतमजुरांच्या युनियनचा प्रश्न प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडलेला आहे.

कॅलिफोर्नियात तो पेटला १९६५ मध्ये. ८ सप्टेंबरला डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इट्लिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठवडाभरात सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मुख्यतः मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. यातूनच पुढे यूएफडब्ल्यू उभी राहिली. पुढे द्राक्षांवर देशभर बहिष्कार पडला, आणि १९७० मध्ये डेलानोच्या मालकांनी करारावर सह्या केल्या.

## गंमत अशी की तेव्हा मतपेटी युनियनला हवी होती

आजची भाषणं ऐकताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

द्राक्षांचे करार होताहेत तोच सलिनासच्या लेट्यूस-मालकांनी टीमस्टर्स या दुसऱ्या, मूळच्या ट्रकचालकांच्या, युनियनशी परस्पर करार करून टाकले. मजुरांना कोणी विचारलंच नाही. १९७३ मध्ये द्राक्षमालकांचे चावेझांशी झालेले करार संपले, तेव्हा त्यातल्याही बहुतेकांनी टीमस्टर्सची वाट धरली. मालकांना सोयीची युनियन मालकांनीच निवडली. तेव्हा चावेझ यांची मागणी होती: मजुरांना गुप्त मतदान करू द्या, मग कळेल कोण कोणाचं.

१९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केलेला कायदा या मागणीतून आला. त्याने मान्यता देणारं आजचं मंडळ नेमलं आणि मान्यतेचा मार्ग फक्त गुप्त मतदानाचा ठेवला. मालकाने स्वतः होऊन एखाद्या युनियनशी करार करणंही बेकायदा ठरवलं, म्हणजे टीमस्टर्ससारखा प्रकार पुन्हा घडू नये. शेतीचा हंगाम चार दिवसांचा, हेही कायद्याने ओळखलं होतं. निम्म्याहून जास्त मजुरांच्या सह्यांचा अर्ज आला की सात दिवसांत मतदान, आणि संप चालू असेल तर शक्यतो ४८ तासांत. शिवाय मतदान भर हंगामात घ्यायचं. रान रिकामं असताना वीस जणांनी ठरवायचं आणि तोडणीला आलेल्या चारशे जणांनी ते मानायचं, असं होऊ नये म्हणून.

म्हणजे आज गुप्त मतदान हा लोकशाहीचा प्राण आहे असं सांगणाऱ्या मालकांच्या आधीच्या पिढीला ते नको होतं, आणि आज त्याला वळसा घालू पाहणाऱ्या युनियननेच ते मिळवलं होतं. यात दोघांनाही ढोंगी म्हणण्याचा मोह होतो. मला वाटतं तसं नाही. पेटी तीच राहिली, तिच्यापर्यंत जायचा रस्ता बदलला.

## बांधावरून आत यायचं की नाही

१९७५ च्या कायद्यापाठोपाठ मंडळाने एक नियम केला होता. युनियनच्या माणसांना मळ्यात शिरून मजुरांशी बोलता येईल: कामाच्या आधी तासभर, जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर तासभर. वर्षात जास्तीत जास्त चार महिने. कारण उघड होतं. मजूर आज इथे, पुढच्या महिन्यात दोनशे मैलांवर. त्याला गाठायचं कुठे?

मालकांना हा नियम पहिल्या दिवसापासून खुपला. १९७६ मध्ये युनियनने तो जनमताने कायद्यातच घालायचा प्रयत्न केला, 'प्रस्ताव १४' नावाने. विरोधी प्रचाराचा चेहरा होते हॅरी कुबो, निसेई फार्मर्स लीग या जपानी-अमेरिकन शेतकरी संघटनेचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून सरकारने त्यांना तरुणपणी कुटुंबासकट टुली लेकच्या छावणीत डांबलं होतं. माझी जमीन, माझ्या परवानगीशिवाय कोणी आत येणार नाही, हे अशा माणसाच्या तोंडून आल्यावर मतदारांवर परिणाम झाला. प्रस्ताव दणकून आपटला. शेतमालकांच्या विरोधामागे नुसता पैसा बघणाऱ्यांनी कुबो लक्षात ठेवावेत. जमिनीवरचा हक्क ही कित्येकांसाठी हिशेबाच्या पलीकडची गोष्ट असते.

नियम मात्र राहिला, आणखी ४५ वर्षं. मग सीडर पॉइंट आलं. ऑरेगनच्या सीमेलगत डोरिस इथे ही स्ट्रॉबेरीची रोपवाटिका आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पहाटे पाचला युनियनची माणसं भोंगे घेऊन आत शिरली. मालक कोर्टात गेले. त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता: आमचा एकही मजूर मळ्यात राहत नाही, त्यांना बाहेर गाठा की. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मालकांच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याच्या जमिनीत शिरायचा हक्क सरकार तिसऱ्याला देत असेल, तर ती जमीन घेतल्यासारखंच आहे, आणि त्याची भरपाई द्यावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. व्यवहारात नियम मेला.

इथेच गाठ आहे. १९७५ च्या तडजोडीत दोन गोष्टी जोडीने चालत होत्या: मतदान गुप्त, आणि मतदाराला भेटायची मुभा. दुसरी गेल्यावर पहिलीचा अर्थ तोच राहतो का?

## २०२२ मध्ये काय बदललं

कार्ड चेकची मागणी सीडर पॉइंटच्या कितीतरी आधीची. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी गव्हर्नर असताना तसली विधेयकं पुन्हा पुन्हा परत पाठवली. २०११ मध्ये जेरी ब्राउन यांनीही नकार दिला, १९७५ चा कायदा करणारे तेच ब्राउन. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम यांनीही तेच केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये युनियनने डेलानो ते राज्याची राजधानी सॅक्रामेंटो असा ३३५ मैलांचा पायी मोर्चा काढला, २४ दिवसांचा, रणरणत्या उन्हात. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी जाहीर पाठिंबा दिला. २८ सप्टेंबर २०२२ ला न्यूसम यांनी सही केली, आणि मे २०२३ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या.

आता काय होतं? युनियन सह्यांसकट अर्ज देते. ४८ तासांत मालकाने मजुरांची यादी मंडळाला द्यायची. मंडळ सह्या पडताळतं. थोड्या कमी पडल्या तर युनियनला ३० दिवसांची मुदत मिळते. भरल्या की मान्यता. मालकाने कायदा मोडला तर दर उल्लंघनाला १० हजार डॉलरपर्यंत दंड, गंभीर प्रकरणात २५ हजारांपर्यंत. मंडळाने पैसे भरायला लावलेल्या निकालाविरुद्ध अपील करायचं तर तेवढ्या रकमेची हमी आधी भरावी लागते. दोन लगामही आहेत. या मार्गाने राज्यात जास्तीत जास्त ७५ मान्यता मिळू शकतात, आणि १ जानेवारी २०२८ ला ही सोय संपते.

नव्या कायद्याखाली पहिली मान्यता २०२३ मध्ये मिळाली, न्यूमन गावच्या टोमॅटोच्या डीएमबी पॅकिंग कंपनीत. नर्सरीवाले, भाजीवाले त्यामागून आले.

## "गुप्त मतदानात वाईट काय आहे?"

मालकांचा हा सगळ्यांत जड मुद्दा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सही उघड असते. कोणी केली, कोणी नाही, हे निदान सही मागणाऱ्याला तरी कळतं. सोबतचे सगळे करताहेत, मुकादमाचा भाऊ करतोय, मग आपणही करू, असं होतंच. कागद स्पॅनिशमध्ये असला तरी मिश्तेकसारखी मूळनिवासी भाषा बोलणाऱ्या मजुराला तो वाचता येईल याची खात्री नाही. ६०० डॉलरचा वाद याच फटीतून शिरला.

मालक आणखी एक दाखला देतात, गेरावन फार्मिंगचा. पीच आणि द्राक्षांच्या या बड्या कंपनीत १९९० च्या मतदानात यूएफडब्ल्यू जिंकली होती. मग जवळपास वीस वर्षं युनियन तिकडे फिरकलीच नाही. २०१२ मध्ये ती बोलणी करायला परत आली, तेव्हा मजुरांच्या एका गटाने ती नकोच म्हणून मतदान मागितलं. २०१३ मध्ये मतदान झालं, पण त्यात मालकाचा हात असल्याच्या आरोपावरून मंडळाने पेट्या बंद ठेवल्या. २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर त्या उघडल्या, तेव्हा युनियनच्या बाजूने १९७ मतं निघाली आणि विरोधात १,०९८. मालक म्हणतात, बघा, पेटी उघडली की खरं कळतं. मालकाचा हात होता का नव्हता हा वाद बाजूला ठेवला, तरी पाच वर्षं पेट्या कुलपात ठेवणाऱ्या मंडळावर मालकांचा विश्वास का नाही, हे समजू शकतं.

त्यात २००२ पासून कॅलिफोर्नियात एक तरतूद आहे: मान्यतेनंतर ठराविक मुदतीत करार झाला नाही, तर मध्यस्थ कराराच्या अटी ठरवून देऊ शकतो आणि त्या दोघांवर बंधनकारक होतात. गेरावनने याला आव्हान दिलं, पण २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तरतूद उचलून धरली. मालकाच्या डोळ्यांनी साखळी बघा. सह्या, मान्यता, मध्यस्थ, करार. यात कुठेही मतदान नाही, आणि शेवटी पगाराचा आकडा तिसराच माणूस लिहितो. कार्ड चेकची एवढी धास्ती का, याचं अर्धं उत्तर या साखळीत आहे.

## "मजुरांना युनियन हवी असेल तर ते मत देतीलच की"

वरवर बरोबर वाटतं. पण हा मतदार कोण आहे ते बघा.

देशभरातल्या पीकशेतीतल्या मजुरांपैकी साधारण ४० टक्क्यांकडे कामाची कायदेशीर कागदपत्रं नाहीत. राज्याचा युनियन-कायदा त्यांनाही लागू आहे, कागदपत्रं विचारत नाही. मतपेटीशी नाव विचारणारे सरकारी अधिकारी बसलेत म्हटल्यावर मात्र पोटात गोळा येतो. ते अधिकारी इमिग्रेशनचे नसतात हे सांगून भागत नाही.

दुसरा वर्ग एच-२ए व्हिसावर आलेल्यांचा. हा हंगामी शेतकामाचा व्हिसा, देशभरात वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त जागा त्यावर मंजूर होतात. तो व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. राहायची खोली मालकाची, शेतावर नेणारी बस मालकाची, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावायचं की नाही हेही मालकाच्या हातात. अर्ज आणि मतदान यांच्यातल्या सात दिवसांत युनियन आता मळ्याच्या फाटकाबाहेर असते, आणि मालक, मुकादम, सल्लागार आत. सल्लागार म्हणजे मालकांनी भाड्याने आणलेले, युनियन नको म्हणून पटवणारे लोक. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे.

मुकादमाचीही एक गोष्ट सांगायला हवी. कॅलिफोर्नियात खूपसे मजूर मळेमालकाकडे थेट कामाला नसतात, मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे असतात. पगार तोच देतो. पण १९७५ च्या कायद्याने हुशारीने ठरवलं, की युनियनच्या बाबतीत मालक म्हणजे मळेवाला, कंत्राटदार नव्हे. त्यामुळे मळेवाल्याला हात वर करता येत नाहीत. त्याची चीडही याने वाढते, कारण ज्यांची नावंही त्याला माहीत नाहीत अशा लोकांची यादी आता त्याने ४८ तासांत द्यायची.

या परिस्थितीत सही घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून करता येते. मला विचाराल तर कार्ड चेकच्या बाजूचा हाच एक भक्कम मुद्दा. बाकीचे, म्हणजे प्रक्रिया लवकर होते, सोपी असते वगैरे, युनियनच्या सोयीचे आहेत.

## नासणारा माल आणि वाढणारा खर्च

स्ट्रॉबेरी दोन दिवस थांबत नाही. संपाची नुसती कुणकुण लागली तरी मालकाचं वर्ष बुडू शकतं, आणि भाव ठरवतात सुपरमार्केटच्या साखळ्या. वाढलेली मजुरी पुढे ढकलायला त्याच्यापुढे जागा कमी, शेजारी मेक्सिकोतून स्वस्त माल येतोच आहे. मजुरी वाढली की यंत्रं येतील किंवा पीक बदलेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. बेदाण्यांच्या मळ्यांत हातांची जागा यंत्रांनी घेतलेली आहे, आणि मजूर कमी लागणाऱ्या बदामाखालचं क्षेत्र गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढलं.

फक्त हा मुद्दा युनियनविरुद्धचा आहे, सहीविरुद्धचा नाही. गुप्त मतदानाने आलेली युनियनही मजुरी वाढवूनच मागणार. मालकांच्या पत्रकांत हे दोन मुद्दे हातात हात घालून येतात. वाचताना ते वेगळे करावेत.

न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्यात कार्डांवरून मान्यता दिली, पण शेतमजुरांच्या संपावर बंदी घातली. नासणाऱ्या मालाची भीती निदान कागदावर तरी मिटली. तरी तिथले शेतमालक खूश झाले नाहीत, कोर्टात गेलेच.

## २०२८ नंतर

मुदत वाढवली नाही, तर १ जानेवारी २०२८ ला कॅलिफोर्नियात कार्डांचा मार्ग बंद होईल. मालक म्हणतात तसं सगळं पुन्हा १९७५ च्या कायद्यावर येईल. पण पूर्ण नाही. पेटी परत येईल. पहाटे मळ्यात शिरून मजुराशी तासभर बोलायची मुभा येणार नाही, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच काढून घेतली. ती परत द्यायची तर प्रत्येक मळेवाल्याला भरपाई द्यावी लागेल, आणि एवढे पैसे खर्चायला सॅक्रामेंटोत अजून कोणी पुढे आलेलं नाही.